मल्लेश्वरम की बसवनगुडी? पाहुण्यांना कुठं न्यावं

म्हैसूर झालं, उटी झाली, परतीची गाडी रात्री आहे आणि मधला अख्खा दिवस मोकळा आहे; कुठं जाऊ? बंगळुरात अकरा वर्षं काढल्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विधानसौध, पॅलेस, कब्बन पार्क ज्यांना करायचं त्यांनी जरूर करावं. पण काही मंडळींना देऊळ बघण्यापेक्षा देवळात बसायला आवडतं. घ्यायची नसलेली भाजीसुद्धा ती हातात घेऊन बघतात, आणि परक्या गावात लोकांनी दारात काय वाळत घातलंय याची त्यांना चौकशी असते. त्यांच्यासाठी माझ्याकडे दोनच नावं आहेत. उत्तरेकडे मल्लेश्वरम, दक्षिणेकडे बसवनगुडी.

दोन्ही एकाच पिठाच्या. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला, पेठेतली दाटी सोडून लोक मोकळ्या हवेकडे सरकले आणि या दोन वस्त्या भरत गेल्या. त्यामुळे दोन्हीकडे आखून काढलेले रस्ते, मोठी झाडं, उरलीसुरली कौलारू घरं आणि दर दोन गल्ल्यांआड एक देऊळ. माझी पहिली चार वर्षं हनुमंतनगरात, म्हणजे बसवनगुडीच्या उशाशी गेली. नंतर नोकरी बदलली आणि बिऱ्हाड मल्लेश्वरमच्या बाजूला आलं. दोन्हीकडची भाजी खाल्लेली आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी खाण्याचं बोलू, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच असतो. बसवनगुडीत गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन, १९४३ पासूनचं. मल्लेश्वरमात सीटीआर, म्हणजे सेंट्रल टिफिन रूम, पाटीवर ‘श्री सागर’ असलं तरी त्या नावाने कुणी ओळखत नाही. खरं सांगायचं तर दोसा मला विद्यार्थी भवनचा जास्त आवडतो. बाहेरून जवळजवळ विटकरी, कुरकुरीत, आत मऊ, आणि सोबत फक्त पातळ चटणी. सांबार मागायचं नाही. तिथला वेटर एका हातावर, पार कोपरापर्यंत, दोशांच्या बशांची उतरंड रचून टेबलांमधून वाट काढत येतो, तेव्हा बोलणारी माणसं गप्प होतात. आमच्या मामांनी तो दोसा खाल्ला की नाही ते मला आठवत नाही, पण त्या उतरंडीचं वर्णन ते आजही करतात. सीटीआरचा बेण्णे दोसा लोण्याचा. पहिले चार घास स्वर्ग, नंतर वयाप्रमाणे जड. इडलीला मात्र मल्लेश्वरमात वीणा स्टोअर्स आणि शंकरपुरात ब्राह्मिन्स कॉफी बार यांत डावं-उजवं करणं मला जमलेलं नाही. दोन्हीकडे उभ्याने खायचं, दोन्हीकडे चटणीसाठी पुन्हा पुढे व्हायचं. ज्यांना बसल्याशिवाय खाता येत नाही त्यांनी बशी घेऊन आजूबाजूला कट्टा शोधावा, बाकीचेही तेच करत असतात. थोडक्यात, खाण्यात बसवनगुडी अर्ध्या घासाने पुढे. कॉफी दोन्हीकडे ‘बाय-टू’च मागा, म्हणजे एकीची दोघांत वाटून.

दुकानांचं गणित जरा वेगळं आहे. गांधी बाजार हा बाजार म्हणून जास्त मुरलेला. सुब्बम्मांचं पापड-चकलीचं दुकान, तिथली कोडबळी, निप्पट्टू. जवळच अंकित पुस्तक, जिथं कन्नड वाचता येत नसलं तरी मुखपृष्ठं बघत वेळ जातो. आणि ग्रंदिगे अंगडी, म्हणजे पूजासाहित्याची दुकानं. आपल्याकडे गौरी-महालक्ष्म्यांना मुखवटे असतात तसे इथे वरमहालक्ष्मीचे असतात, श्रावणात त्यांच्या रांगा लागतात. कापसाच्या वस्त्रांचे प्रकार तर इतके, की माझ्या आईने एकदा वाती-वस्त्रांवर पाऊण तास आणि साडीवर वीस मिनिटं घालवली. रेशीम घ्यायचंच असेल तर मल्लेश्वरमचा संपिगे रस्ता सोयीचा. संपिगे म्हणजे सोनचाफा. त्याला समांतर जातो तो मार्गोसा रस्ता, म्हणजे कडुनिंबाचा. चाफ्याचा रस्ता आणि लिंबाचा रस्ता, मध्ये आडव्या क्रमांकाच्या गल्ल्या, म्हणजे ‘क्रॉस’: झालं मल्लेश्वरम. चाफे आता शोधावे लागतात, ते सोडा.

आठव्या क्रॉसच्या बाजारात फुलं ‘मोळा’वर मिळतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप. मोगऱ्याचा, अबोलीचा गजरा फुलवाली आपल्याच हातावर मोजून तोडून देते. आईने दोन फुलवाल्यांकडे भाव विचारला, तो एकच निघाला. मग तिने दोघींचे हात नीट न्याहाळले आणि ज्या बाई उंच होत्या त्यांच्याकडून घेतला. भाषेचं एक अक्षर कळत नसताना तिने केलेली बंगळुरातली ही पहिली खरेदी. फुलवालीच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती हसली आणि चार बोटं जास्त दिली.

आता देवळं. बसवनगुडीचं नावच मुळी बसवाच्या गुडीवरून, म्हणजे नंदीच्या देवळावरून पडलंय. केंपेगौडाने १५३७ मध्ये बांधवलेलं देऊळ, आत एकाच दगडातला साडेचार मीटर उंचीचा काळाभोर नंदी. महादेवापुढे नंदी असतो हे आपल्या डोळ्यांत इतकं बसलेलं, की इथे नंदीलाच गाभारा आहे हे पाहून पाहुणे क्षणभर गोंधळतात. खाली दोड्ड गणपती, ज्याला कधी कधी अख्खं लोणी थापून सजवतात. गवीपुरात गवी गंगाधरेश्वर, गुहेतला शंकर. संक्रांतीला मावळतीचं ऊन नंदीच्या शिंगांमधून आत पिंडीपर्यंत येतं. एकेक देऊळ म्हणून तोलायचं तर बसवनगुडीचं पारडं जड आहे, हे मान्य करून टाकतो. आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे असाल तर प्रश्नच मिटला, डोळे मिटून बसवनगुडी. त्या दिवशी कडलेकाय परिषे, शेंगांची जत्रा. अख्खा बुल टेंपल रस्ता भुईमुगाच्या ढिगांनी भरतो. पीक खाणाऱ्या बैलाला शेतकऱ्याने मारलं, तो बैल दगड झाला, म्हणून पहिली शेंग त्याला, अशी गोष्ट सांगतात.

मल्लेश्वरमचा काडु मल्लेश्वर दिसायला साधा. काडु म्हणजे रान; रानातला मल्लिकार्जुन. आता रान नाही, पण आवारात झाडं आहेत, त्यांच्या बुंध्याशी हळदी-कुंकवाने माखलेले नागांचे दगड आहेत, आणि कडेला बसलेल्या आज्जीबाईंना तुम्ही कुठून आलात याची चौकशी करायला वेळ आहे. आपल्या लोकांना एक गोष्ट मी तिथे हमखास सांगतो. हे देऊळ व्यंकोजीराजांशी, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाशी जोडलेलं आहे. १६६९ च्या शिलालेखात त्यांनी देवाला गाव दिल्याची नोंद आहे. बंगळूर शहाजीराजांची जहागीर होती हे शाळेत वाचलेलं असतं, पण पायाखाली ती फरशी आली की सातारकर मंडळी जरा वेगळी उभी राहतात. समोर रस्ता ओलांडला की नंदीतीर्थ. १९९७ पर्यंत हे मातीखाली गाडलेलं होतं. खाली उतरून गेलं की दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी, त्याच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर आणि तिथून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात. बाहेर उन्हाचा आणि हॉर्नचा कालवा, आत त्या धारेचा आवाज. शेजारी गंगम्मा, अलीकडे लक्ष्मीनरसिंह. पाच मिनिटांच्या आत चार देवळं.

आणि इथेच माझा निकाल लागला, पण देवांमुळे नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आई आणि मोठी मावशी आल्या होत्या. मावशीचे गुडघे गेलेले, पण हौस दांडगी. जुन्या प्रेमापोटी मी बसवनगुडी ठरवली. दोसा झाला, बाजार झाला, नंदी झाला. नंदीच्या पायऱ्या उतरेपर्यंत साडेदहा वाजले. आता गवी गंगाधरेश्वर. अंतर किलोमीटर-सव्वा किलोमीटर, त्यात चढ-उतार. तरुण माणसाला काहीच नाही. मावशीला अशक्य. मी रिक्षा थांबवली. जागेचं नाव ऐकून रिक्षावाल्याने हात नुसता हलवला, ‘बरल्ला’, येणार नाही. दुसरा थांबला, अंतर ऐकून हसला आणि गेला. तिसऱ्याने मीटरच्या वर पन्नास मागितले, मी हो म्हणालो, तर त्याला मध्येच दुसरं भाडं आलं. ॲपवर तीनदा बुक केलं, तीनदा रद्द झालं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. एवढ्याशा अंतरासाठी कोण गाडी वळवेल? पण आम्ही पंचवीस मिनिटं उन्हात उभे. मावशी एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, “अरे, राहू दे ना. नमस्कार इथूनच करते, पोचेल त्याला.” आणि तिने खरंच हात जोडले. दिशा चुकली होती, ते मी सांगितलं नाही.

बसवनगुडीची ही एकच खोड, पण ती पुन्हा पुन्हा आडवी येते. नंदीपासून गवीपूर, गवीपुरापासून गांधी बाजार, गांधी बाजारापासून मेट्रो, कुठलंही अंतर धरा, चालायला लांब आणि रिक्षाला जवळ. मी एकटा हनुमंतनगरात राहत होतो तेव्हा हे कधी जाणवलंच नाही, उलट ती चालणी आवडायची. घरातलं कुणी सोबत आलं आणि तीच वस्ती पसरट झाली.

दुसऱ्या दिवशी त्याच दोघींना घेऊन मल्लेश्वरमला गेलो. आठव्या क्रॉसला उतरलो, गजरे घेतले, मार्गोसा रस्त्याच्या सावलीतून हळूहळू वर सरकलो. मावशीने वाटेत दोनदा बसून घेतलं. पंधराव्या क्रॉसच्या आसपास वीणाची इडली, तिथून देवळं. चपला एकीकडे ठेवल्या आणि दोघी अनवाणीच रस्ता ओलांडून नंदीतीर्थात उतरल्या. पायऱ्यांवर अर्धा तास बसल्या. दिवसभरात रिक्षाला हात करावा लागला तो फक्त घरी जाताना, आणि अंतर पुरेसं असल्यामुळे तो पहिलाच थांबला.

बागांच्या बाबतीत मात्र मी तटस्थ नाही असं कुणी म्हणेल, म्हणून सांगून टाकतो, लालबागला तोड नाही. तीन अब्ज वर्षांचा तो खडक, हैदर अलीने मांडलेला बगीचा; आणि बसवनगुडीहून तो शेजारीच. शिवाय बुगल रॉकचे गोलसर दगड, संध्याकाळी त्यावर बसलेले पेन्शनर. मल्लेश्वरमकडे सँकी तलाव आहे, १८८२ चा, सकाळी फेरी मारायला फार छान. पण तलाव म्हणजे बाग नव्हे. ज्यांना झाडांसाठीच दिवस काढायचाय त्यांनी माझं ऐकू नये. फक्त एक, लालबागेतही चालावंच लागतं, आणि पुष्कळ.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मल्लेश्वरमात कान उघडे ठेवलेत तर कोकणी ऐकू येते. चित्रापूर सारस्वतांची इथे जुनी वस्ती आहे. त्यांच्या कॅनरा युनियनच्या सभागृहात लग्नं नसायची तेव्हा प्रकाश पदुकोण बॅडमिंटन शिकले. गोव्याचे किंवा कारवारकडचे पाहुणे असले की एखाद्या दुकानात अचानक “खंयचे तुमी?” होतं, आणि मग पुढचा अर्धा तास माझी गरज उरत नाही.

तेव्हा, एकटे असाल, पाय शाबूत असतील, पुस्तकं आणि दोसा यांवर जीव असेल तर बसवनगुडीला जा, मी मुळीच अडवणार नाही. अजूनही रविवारी सकाळी मी स्वतः तेच करतो. घरची माणसं सोबत असतील तर, माझ्यापुरतं सांगायचं तर, मल्लेश्वरम. दोन्ही मेट्रोच्या एकाच हिरव्या लाइनवर आहेत. मंत्री स्क्वेअर संपिगे रोडला चढलं की मॅजेस्टिक, चिकपेट, के. आर. मार्केट आणि बसवनगुडीसाठी उतरायचं ते नॅशनल कॉलेज. त्यामुळे सकाळ मल्लेश्वरमात काढून दोशासाठी संध्याकाळी गांधी बाजार, असंही जमतं. मावशीच्या पुढच्या खेपेला मी हेच ठरवलंय. फक्त शुक्रवार टाळायचा, विद्यार्थी भवन बंद असतं.