खासदारांचं जनसंपर्क कार्यालय : तीन कामं, अकरा खेपा

पोस्टात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. त्यामुळे कुठल्याही कार्यालयात शिरलो की माझी नजर आधी रजिस्टर शोधते. भिंतीवर कुणाचे फोटो, सोफा कसला, हे नंतर. आमच्या खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात पहिल्या दिवशी रजिस्टर दिसलंच नाही. टेबलावर अर्जांची चळत होती आणि ती उडू नये म्हणून वर कुठल्याशा उद्घाटनाचं स्मृतिचिन्ह ठेवलं होतं. पाच ताऱ्यांतला एक तारा मी तिथेच कापला.

खासदारांचं नाव आणि पक्ष मुद्दाम लिहीत नाही. पक्ष कळला की अर्ध्या लोकांचं मत पुढचं न वाचताच ठरतं. हे लिहिलंय ते कार्यालयाबद्दल, जिथे गेल्या दोन वर्षांत मी तीन कामांसाठी अकरा वेळा गेलो.

पहिलं काम धाकट्या बहिणीच्या बायपासचं. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी अर्ज करायचा होता. १९४८ साली फाळणीतल्या निर्वासितांसाठी सुरू झालेला हा निधी आता मोठ्या आजारांच्या उपचारांसाठीही मदत करतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण झालेल्या खर्चाची भरपाई त्यातून होत नाही, अर्ज शस्त्रक्रियेआधीच जावा लागतो आणि पैसे आपल्या हातात न येता थेट रुग्णालयाकडे जातात, हे मला तिथल्या पीए साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणायचं, पण वय पस्तिशीच्या आतलं. खिशाला दोन पेनं. त्यांनी रुग्णालयाचं अंदाजपत्रक घेतलं, शेजारी आधार कार्ड ठेवलं आणि दोन्हींवरच्या नावाखालून बोट फिरवलं. "काका, इथे एक अक्षर जास्त आहे बघा. दिल्लीहून परत येईल हे. आजच दुरुस्त करून आणा." मी चौतीस वर्षं पत्ते वाचले, मला ते अक्षर दिसलं नव्हतं. कापलेला तारा त्या क्षणी मनातल्या मनात परत दिला.

दुरुस्त कागद घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो. शिफारसपत्र अर्ध्या तासात टाइप होऊन आलं. आणि तेवढ्यात मोबाइलवाला एक पोरगा पुढे आला, "काका, पत्र हातात धरा, इकडे बघा." काय चाललंय हे कळायच्या आत फोटो निघाला होता. संध्याकाळी बहिणीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तो फिरला, खाली तिच्या आजाराच्या नावासकट. तिने शेजारच्यांनाही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन मी आवाज चढवला. पीए साहेबांनी माफी मागितली, माझ्यासमोर त्या पोराला फोटो काढून टाकायला लावला. पण तोवर ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. महिनाभराने ५० हजार मंजूर झाल्याचं पत्र आलं. पैसे मिळाले, उपयोगी पडले, याबद्दल तक्रार नाही. पण फोटो एका संध्याकाळीत पोचतो आणि आवक क्रमांक मागितला तर "लागत नाही हो काका" असं उत्तर मिळतं, हा क्रम मला आजही पटलेला नाही.

दुसरं काम रेल्वेच्या भुयारी मार्गाचं. सहा खेपा याच्याच. आमच्याकडचं फाटक बंद करून रुळांखालून रस्ता काढला, तेव्हापासून पावसाळ्यात तिथे तळं होतं. शाळेची पोरं रूळ ओलांडून जातात. आमच्या नगरसेवकाने "रेल्वेचं आहे, आमच्या हातात नाही" म्हणून हात झटकले. खरं तर बरोबरच होतं त्याचं. उलट खासदारांच्या दारात मी जी गर्दी बघितली, त्यातली निम्मी चुकीच्या दारात उभी होती. एकाचं गटार तुंबलेलं, एकीचं रेशन कार्ड अडलेलं, एकाला सातबाऱ्यावर नाव लावायचं होतं. गटार नगरपालिकेचं, बाकी दोन्ही तहसीलची कामं. पण टेबलावरची ताई कुणाला हाकलत नव्हती. कुठल्या खिडकीवर जायचं ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देत होती, काहींना तिथला फोनही लावून देत होती. मतदारसंघात सहा विधानसभा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला एसटीने साडेतीन तास. तेवढ्या लांबून आलेल्या माणसाला निदान पुढचा पत्ता घेऊन परत जाता येतं.

केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशासाठी येणारेही अजून आहेत. खासदारांचा दहा जागांचा कोटा २०२२ मध्येच बंद झाला, तसा कागद दारावर चिकटवलाय, तरी त्या कागदाखाली उभं राहून लोक "एक तरी बघा ना" म्हणतात. रेल्वेच्या आपत्कालीन कोट्याची पत्रं मात्र सकाळपासून धडाधड निघतात. त्याबद्दल एवढंच सांगतो, पत्र मिळालं म्हणजे बर्थ मिळाला असं नाही. चार्ट लागेपर्यंत बॅग भरू नये. माझ्या साडूने भरली होती.

तर भुयारी मार्ग. पहिल्या चार खेपांना "साहेब दिल्लीत आहेत". पावसाळी अधिवेशन चालू होतं, त्यामुळे हे खोटं नव्हतं. पण आमचं पाणी नेमकं पावसाळ्यातच तुंबतं, त्याला काय करणार? अधिवेशन नसताना शनिवारी साहेब स्वतः बसतात, असं कळल्यावर पाचव्या खेपेला सकाळी आठला टोकन घेतलं. नंबर एक्केचाळीस. माझा नंबर पावणेदोनला लागला. दरम्यान चहा दोनदा, कागदी कपात, दोन घोटांचा.

प्रत्यक्ष भेट दोन मिनिटांची. मी एका बांबूवर फुटाच्या खुणा रंगवून तो भुयारी मार्गाच्या भिंतीला उभा केला होता आणि पाण्यात त्याचे फोटो काढले होते, तारखेसकट. फोटोंचा गठ्ठा पुढे ठेवला. साहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे साडेतीन फूट किती तासांनी उतरलं?" मला आवडलं. "बघतो, करतो" म्हणणारे खूप भेटतात. किती तासांनी उतरलं हे विचारणारा पाण्यात उभा राहिलेला असतो, नाहीतर निदान ऐकणारा तरी असतो. तिथूनच त्यांनी विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात फोन लावला आणि पीएना सांगितलं, "हे लेखी घ्या, अधिवेशनात टाकू."

टाकलं. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचे, आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न येतात. त्या अतारांकितांत आमचा भुयारी मार्ग एकदा लागला. लेखी उत्तराची प्रत मला घरपोच आली, टपालाने, लिफाफ्यावर पत्ता नीट लिहिलेला, पिनकोडसकट. उत्तरात "पाण्याचा निचरा करण्यासाठी आवश्यक ती उपाययोजना केली जात आहे" असं होतं. सरकारी भाषा मला येते, याचा अर्थ अजून काही केलेलं नाही. पण ते वाक्य छापील स्वरूपात हातात आलं की पुढच्या अर्जाला जोडता येतं. सहाव्या खेपेला तेच केलं.

तिसरं काम झालं नाही, म्हणून थोडक्यात. आमच्या वॉर्डात अभ्यासिका हवी होती. खासदार निधी म्हणजे साहेबांच्या खिशातले पैसे, असा आपल्याकडे समज आहे. उद्घाटनाच्या फलकावर नाव ज्या आकाराचं असतं ते बघता तो गैरसमजही म्हणवत नाही. वर्षाला ५ कोटी असतात. खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे. सहा विधानसभांत ५ कोटी म्हणजे पापडावर तूप. कोरोनात २०२० च्या एप्रिलपासून तोही थांबवला होता. आमच्या अर्जाला "यंदाचा निधी इतर कामांना सुचवून झाला, पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं. तीन महिन्यांनी त्याच वॉर्डात हायमास्ट दिवा उभा राहिला, जो कुणी मागितला नव्हता. उजेड छान पडतो. पोरं त्याच्याखाली बसून अभ्यास करतील, असं कुणाला वाटलं असेल तर माहीत नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पीए साहेबांनी सरळ सांगितलं, "काका, दिव्यासाठी तिघं मागे लागले होते, अभ्यासिकेसाठी तुम्ही एकटे." हे खरं असेल. पण मग कोण मागे लागलं आणि कोणी काय मागितलं, हे कुठेतरी लिहिलेलं असावं की नको? कार्यालयाच्या खर्चासाठी खासदारांना आता महिना ७५ हजार भत्ता मिळतो, मतदारसंघ भत्ता ८७ हजार वेगळा. लांबट आवक रजिस्टर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात दोनशेच्या आत येतं. मी हे बोललो. ताई हसली.

पाचपैकी साडेतीन तारे. पीए आणि ताई यांना स्वतंत्र द्यायचे तर साडेचार. फोटो काढणाऱ्या पोराला एकही नाही. जायचं असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी अकराच्या आत जा, सोमवारी आठवड्याचा सगळा लोंढा असतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. रुग्णाचा अर्ज असेल तर मोबाइल दिसताच कागद उलटा धरा.

गेल्या महिन्यात भुयारी मार्गात पंप बसला. हिरव्या रंगाचा, जाळीच्या कपाटात, बाहेर कुलूप. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भरलं, पंप गप्प, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे हे ना स्टेशनवर ठाऊक ना नगरपालिकेत. काल बाराव्यांदा गेलो. टेबलावर स्मृतिचिन्ह नव्हतं, त्या जागी निळ्या पुठ्ठ्याचं कोरं रजिस्टर होतं. ताईने माझा अर्ज त्यात चढवला आणि माझ्या प्रतीवर आकडा टाकून दिला. आवक क्रमांक १.