उन्हाळ्यात अंगावर काय घालावं: मलमल, खादी, रेयॉन की टेरिकॉट?

बेळगाव जिल्ह्याचा उन्हाळा सगळीकडं सारखा नसतो. अथणी, रायबागकडं ऊन कोरडं, भाजून काढणारं. घाम येतो आणि लगेच वाळतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात वळवाच्या आधी नुसती उकाड, घाम अंगावरून हलत नाही. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर, त्यामुळं दुपार तापली तरी रात्री जीवाला बरं वाटतं. कापड घ्यायचं ते आपण राहतो तिथली हवा बघून.

माझ्या मते खरी निवड मलमल आणि खादी या दोघांतच आहे. मलमलीची वीण विरळ, सूत बारीक, वारा आरपार जातो. घरात वावरायला, रात्री झोपायला, तान्ह्या बाळाच्या झबल्याला तिच्यासारखं दुसरं काही नाही. खानापूरकडच्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. पण तिच्यातून ऊनही आत येतं आणि अंगही दिसतं, म्हणून कुर्त्याला अस्तर लागतं. इथं टेलरला आधीच बजावून ठेवा. त्यानं स्वस्तातलं सिंथेटिक अस्तर लावलं की मुसळ केरात. मलमलीचे पैसे देऊन घामोळं विकत घेतल्यासारखं होतं.

खादीचं सूत हातानं कातलेलं, कुठं जाड कुठं बारीक. कापड अंगाला चिकटून बसत नाही, थोडं सुटं राहतं आणि मधून वारा खेळतो. रानात राबणाऱ्याला, दुपारी गाडीवरून फिरणाऱ्याला लांब बाह्यांचा ढगळ खादी शर्ट हाफ शर्टापेक्षा जास्त सुख देतो, कारण ऊन कातडीपर्यंत पोचतच नाही. अथणी-रायबागच्या उन्हाला हेच कापड. खादीसाठी लांब जायलाही नको. १९३७ साली गांधीजी येऊन गेलेलं हुदली आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते खादीसाठीच ओळखलं जातं. उणं म्हणाल तर किंमत जास्त, वाळायला वेळ लागतो, आणि खादी आटते. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवायला टाका.

पॉपलिन स्वस्त आणि टिकाऊ. शंभर टक्के सुती असलं तरी वीण घट्ट, त्यामुळं वारा कमी लागतो. परकराला, पायजम्याला ठीक.

रेयॉननं मात्र पुष्कळ जण फसतात. दुकानात हात लावला की गार लागतं, झोळ सुंदर पडतो, रंग खुलतात. घाम ते सुती कापडापेक्षाही जास्त पितं, पण ओलं झालं की लुळं पडून पाठीला चिकटतं. कोरड्या हवेत चालेल, खानापुरात नको.

टेरिकॉट म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांचं मिश्र कापड. ते धुतलं की लगेच वाळतं, इस्त्री मोडत नाही, म्हणून युनिफॉर्मला तेच. पण सुती धागा साध्या हवेतही सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग घाम जाणार कुठं? पोरांना शाळेसाठी ते घालावंच लागत असेल तर आत सुती बनियन द्या, आणि घरी आल्याबरोबर कपडे बदलायला लावा.

लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये. मांडवात दिवसभर बसायचं तर पूर्ण रेशमीपेक्षा सुती अंगाची, रेशमी पदराची इरकल नेसा. मान राहतो आणि जीवही घाबरत नाही.

दुकानदार सगळ्यालाच ‘प्युअर कॉटन’ म्हणतो, तेव्हा आधी छोटा तुकडा मागून आणा. कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर आहे. कागदासारखा जळून राख झाली तर सुती किंवा रेयॉन. मग दुसरा धागा ओला करून ओढा: रेयॉन पटकन तुटतो, सुती ओला असताना उलट जास्त ताण सोसतो. एवढं बघून मग ताग्यातून कापून घ्या.