ओरॅकल पार्क : खाडीकाठचा सामना आणि त्याभोवती बसवलेली सहल

सॅन फ्रान्सिस्कोची दोन दिवसांची सहल आखताना आम्ही आधी जायंट्स या बेसबॉल संघाच्या सामन्याची तिकिटे काढली आणि उरलेले शहर त्याभोवती बसवले. हा क्रम योग्य ठरला. २००० साली सुरू झालेले ओरॅकल पार्क हे त्यांचे मैदान खाडीला अगदी खेटून उभे आहे. उजवीकडील भिंत जायंट्सचे थोर खेळाडू विली मेझ यांच्या जर्सीच्या क्रमांकाइतकी, म्हणजे २४ फूट उंच आहे, आणि तिच्यावरून गेलेला चेंडू मॅककव्ही कोव्हच्या, म्हणजे भिंतीपलीकडच्या खाडीच्या भागाच्या, पाण्यात पडला तर तो टिपण्यासाठी छोट्या होड्यांतून ताटकळणारी हौशी मंडळी पाहण्यातच निम्मी मौज आहे. (चेंडू प्रेक्षकाने घरी न्यायचा, हे क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला जरा चमत्कारिकच वाटते.) वरच्या मजल्यावरील जागा तुलनेने स्वस्त असून तिथून खाडी आणि बे ब्रिज दिसतो, म्हणून मी त्याच सुचवेन. लसूण घातलेले फ्राइज चविष्ट आहेत, मात्र महाग. संध्याकाळचा सामना असेल, तर जुलैतही जाड जाकीट हवेच. दक्षिणेच्या सनीव्हेल शहराकडून येणाऱ्यांनी कॅलट्रेन ही उपनगरी रेल्वे घ्यावी. शेवटच्या स्थानकापासून मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे.