खरा परवाना दाखवून झालेली फसवणूक: खासगी वैमानिकाला पैसे देण्यापूर्वी हे वाचा

खोटी नोकरी, खोटा प्लॉट, दामदुप्पट यांचे प्रकार कोल्हापुरात कोणाला नव्याने सांगायला नकोत. माझ्याकडून ७९,७०० रुपये घेणाऱ्या माणसाने मात्र एकही खोटा कागद दाखवला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ओळखीच्या ओळखीतून आलेल्या या वैमानिकाने आम्हा तिघांना कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून चार आसनी विमानाने शिर्डीला नेऊन त्याच दिवशी परत आणण्याचे कबूल केले होते. आईचे गुडघे गेले आहेत, रस्त्याचा एवढा प्रवास तिला सोसत नाही आणि साईबाबांचे दर्शन तर तिला घ्यायचेच होते. मी परवाना मागितला. त्याने तत्काळ दाखवला. फोटो, नाव, क्रमांक, मुदत सर्व जुळत होते. सामान्य माणसाने याहून अधिक काय तपासायचे?

तो परवाना खासगी वैमानिकाचा होता, हे नंतर समजले. वयाची सतरा वर्षे पूर्ण झाली, परीक्षा दिल्या आणि किमान ४० तास उड्डाण केले की तो मिळतो. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. खासगी परवानाधारक मित्रांना, नातेवाइकांना सोबत नेऊ शकतो, परंतु त्याबद्दल मोबदला घेऊ शकत नाही. १९३७ च्या विमान नियमांत कोणत्याही स्वरूपाच्या मोबदल्यावर माणसे नेणे हे सार्वजनिक वाहतुकीतच धरले आहे, त्यामुळे त्याला वर्गणी म्हणा, देणगी म्हणा, नाव बदलल्याने काही फरक पडत नाही. वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना असला तरी तेवढ्यावर भागत नाही, कारण भाड्याने प्रवासी नेणाऱ्या कंपनीकडे स्वतंत्र सरकारी परवानगी असावी लागते. अशा कंपन्यांची यादी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्या यादीत नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

“हे भाडे नाही, खर्चाची वाटणी आहे, अमेरिकेत सर्रास चालते,” असे तो म्हणाला. तिथे खासगी वैमानिकाला इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे सोबत्यांत वाटून घेता येते हे खरे आहे, पण स्वतःचा समान वाटा त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. हे त्याने सांगितले नाही.

आणि इथेच माझा जीव अजून जळतो. त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला हिशेब माझ्यासमोर आहे: एकूण खर्च ७३,५००, भागिले तीन, प्रत्येकी २४,५००, खाली विमानतळ शुल्क ६,२००. विमानात बसणार चौघे आणि भागाकार तिघांत! वाटणी म्हणणाऱ्याचा स्वतःचा वाटा शून्य होता, आणि तो आकडा डोळ्यांसमोर धडधडीत लिहिलेला होता. आई बॅग भरून बसलेली असताना कोणता मुलगा भागाकार तपासत बसेल? आगाऊ ४०,००० आणि आदल्या रात्री ३९,७०० रुपये मी त्याच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले. त्यानंतर त्याने फोन करून सांगितले, “दारात कोणी विचारलं तर पाहुणे आहोत म्हणा, पैशाचं बोलू नका.” पैशांविषयी गप्प बसायला सांगणाऱ्या माणसाचा व्यवहार तिथेच थांबवा.

सकाळी प्रवेशद्वारावरच्या जवानाने तिकीट मागितले, आत विचारले, आणि अशा कोणत्याही विमानाची किंवा आमच्या नावांची नोंद नसल्याचे सांगितले. वैमानिकाने आधी इंजिनातील बिघाड पुढे केला, मग नवी तारीख दिली आणि शेवटी मलाच दम भरला: “तक्रार केलीत तर बेकायदा प्रवासाला पैसे दिले म्हणून तुम्हीच अडकाल.” या धमकीनेच अनेक जण गप्प बसत असतील. गप्प बसू नका.

पोलीस ठाण्यात काय ऐकावे लागले? “तुमीच पैसं पाठवलासा नव्हं? मग आमी काय करायचं?” विमानाचा विषय आपला नाही, हा दिवाणी वाद आहे, असे सांगून माझा अर्ज परत माझ्याच हाती दिला. सायबर कक्षाच्या मते माणूस ओळखीचा असल्यामुळे हा सायबर गुन्हा नव्हता. बँकेच्या मते रक्कम मी स्वतःच पाठवली होती. विमान वाहतुकीशी संबंधित एका कार्यालयाने तर कमाल केली: उड्डाण झालेलेच नाही, म्हणून नियमभंग नाही, पैशांसाठी पोलिसांकडे जावे! म्हणजे आम्ही आईला घेऊन त्या विमानात बसलो असतो, तरच यांची फाइल उघडणार होती. २०१९ साली फुटबॉलपटू एमिलियानो साला इंग्लिश खाडीवर विमान कोसळून गेला, तेव्हा त्याच्या वैमानिकाकडेही पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता. ते उड्डाण ठरवणाऱ्या माणसाला २०२१ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. आपल्याकडेही कोणी मेल्यावरच जाग यायची का? स्वतःची अपघात विम्याची पॉलिसीही काढून पाहा. हवाई अपघाताची भरपाई कोणत्या विमानाच्या प्रवाशाला मिळते, याची अट बारीक अक्षरांत असते.

ठाण्यात अर्ज घेतला नाही, तर तो लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो आणि तिथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज अधीक्षकांकडे पाठवला असून पोचपावती जपून ठेवली आहे. तीन जणांत भागलेला असा हिशेब तुमच्याकडेही आला असेल, तर तो संदेश पुसू नका. पैसे पाठवल्याच्या नोंदीसह तुमचाही अर्ज द्या, म्हणजे याला दोन माणसांतला दिवाणी वाद म्हणणे त्यांना जमणार नाही.