प्युअरएक्सप्रेस किट: कृत्रिम पेशीच्या कामासाठी कसं आहे?

कृत्रिम पेशी बनवायला किमान दोन गोष्टी लागतात. आत प्रथिनं बनवणारी यंत्रणा आणि बाहेर लिपिडचं, म्हणजे स्निग्ध रेणूंचं, पातळ आवरण. पहिली गोष्ट न्यू इंग्लंड बायोलॅब्सचं प्युअरएक्सप्रेस किट तयार देतं, आवरणाचं काम आपल्याकडेच राहतं.

किटमागची ‘प्युअर’ नावाची पद्धत टोकियो विद्यापीठात शिमिझू आणि उएदा यांच्या गटाने २००१ मध्ये मांडली. ई. कोलाय जिवाणू फोडून त्याचा अर्क वापरण्याऐवजी रायबोसोम (प्रथिनं जोडणारी यंत्रं), टी-आरएनए (अमिनो आम्लं आणून देणारे रेणू), त्यांवर अमिनो आम्लं चढवणारी २० अमिनोअॅसिल-टीआरएनए सिंथेटेज, भाषांतराला (एमआरएनए या संदेशावरून प्रथिन बनवायला) लागणारे घटक, डीएनएवरून एमआरएनए बनवणारं टी७ आरएनए पॉलिमरेज आणि ऊर्जा पुरवणारी एन्झाइमं, सगळं वेगवेगळं शुद्ध करून एकत्र मिसळायचं. त्यामुळे ट्यूबमध्ये काय आहे ते नेमकं माहीत असतं. किटची खरी किंमत इथेच वसूल होते. न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए-आरएनए तोडणारी एन्झाइमं, जवळपास नसल्यामुळे पीसीआरने बनवलेला सरळ डीएनएही टिकतो. अर्कात तो पटकन तुटतो आणि प्रत्येक वेळी प्लास्मिड (डीएनएचं बंद कडं) बांधत बसावं लागतं.

प्रमाण सोपं आहे. २५ मायक्रोलिटरच्या एका रिअॅक्शनला किटमधलं द्रावण ए १० मायक्रोलिटर, द्रावण बी ७.५ मायक्रोलिटर, आरएनएज इनहिबिटर (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारा) २० युनिट, डीएनए साधारण २५० नॅनोग्रॅम आणि उरलेलं न्यूक्लिएजमुक्त पाणी. ३७ अंशांवर २ ते ४ तास. क्रम मात्र पाळा: बर्फावर आधी ए, मग त्यात बी, पाणी आणि डीएनए त्यानंतर. ए नुसत्या पाण्यात पातळ करू नका. डीएनएवर टी७ प्रमोटर (पॉलिमरेज जिथून सुरुवात करतं ती जागा), प्रथिनाच्या सुरुवातीची खूण असलेल्या कोडॉनच्या ६ ते ८ बेस आधी रायबोसोम बसण्याची जागा आणि शेवटी थांबण्याची खूण, म्हणजे स्टॉप कोडॉन, हवा.

काहीच बनलं नाही तर संशय आधी स्वतःच्या मिनीप्रेपवर (जिवाणूंतून प्लास्मिड काढण्याच्या किटवर) घ्या. त्या किटच्या पहिल्या बफरमध्ये आरएनएज ए असतं आणि त्याचा अंशही एमआरएनए संपवायला पुरतो. प्लास्मिड फिनॉल-क्लोरोफॉर्मने धुऊन इथेनॉलने पुन्हा खाली बसवा. प्युअरएक्सप्रेससोबत येणारं डीएचएफआर (एक ओळखीचं प्रथिन) कंट्रोल तुलनेसाठी दर वेळी लावा. कंट्रोलचा पट्टा जेलवर दिसला आणि आपला नाही, तर दोष डीएनएत आहे. दोन्ही नाहीत, तर प्युअरएक्सप्रेस वाटेत किंवा फ्रीजरमध्ये वितळलं असण्याची शक्यता मोठी. साठवण उणे ८० अंशांवर. एकदा वितळवलं की लहान ट्यूबांत वाटून ठेवा, पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नका.

आता आवरण. सर्वांत सोयीची रीत इमल्शन ट्रान्सफरची, म्हणजे तेलातले पाण्याचे थेंब पाण्यात उतरवण्याची. पीओपीसी नावाच्या लिपिडमधलं क्लोरोफॉर्म उडवून ते लिक्विड पॅराफिनमध्ये गरम करून विरघळवा. रिअॅक्शनमध्ये २०० मिलिमोलर सुक्रोज घालून ती या तेलात घोटून इमल्शन करा. बाहेरच्या द्रावणात तितकंच ग्लुकोज हवं. त्यावर लिपिडवालं तेल, वर इमल्शन, आणि सेंट्रिफ्यूज. सुक्रोजमुळे थेंब जड होतात आणि तेल-पाण्याच्या सीमेवरून खाली उतरताना लिपिडचा दुसरा थर पांघरून घेतात. आत-बाहेरचा ऑस्मोटिक दाब (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढणारा) जुळला नाही तर हे आवरणाचे गोळे फुटतात किंवा सुरकुततात. इथे सगळे ग्लुकोज मोजतात आणि रिअॅक्शनमधले क्षार, अमिनो आम्लं, एनटीपी (आरएनएचा कच्चा माल) विसरतात, म्हणून हा दाब मोजणारा ऑस्मोमीटर लागतोच. दमट हवाही घात करते: तेल ओलावा ओढतं आणि लिपिडच्या गुठळ्या होतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे तेल ताजं बनवून घट्ट बंद ठेवा, शक्य तर कोरड्या पेटीत हाताळा.

किटची मर्यादाही स्पष्ट आहे. प्रथिन मिलिलिटरला साधारण १० ते २०० मायक्रोग्रॅम मिळतं, म्हणजे एका रिअॅक्शनमधून फार तर ५ मायक्रोग्रॅम. काही तासांत ऊर्जेचा साठा संपतो आणि साचलेलं फॉस्फेट मॅग्नेशियमला बांधून ठेवतं, की यंत्रणा थांबते. पोषण बाहेरून आत यावं म्हणून आवरणाला छिद्रं हवीत. २००४ मध्ये नॉइरो आणि लिब्शाबर यांनी कृत्रिम पेशीतच अल्फा-हिमोलायसिन हे छिद्र पाडणारं प्रथिन बनवून छिद्रं पाडली आणि प्रथिननिर्मिती ४ दिवसांपर्यंत चालवली. तिथे मात्र शुद्ध घटकांऐवजी ई. कोलायचा अर्क होता. डायसल्फाइड बंध (गंधक अणूंचे जोड) लागणाऱ्या अँटिबॉडीच्या तुकड्यांसाठी वेगळं एन्हान्सर (ते बंध जुळायला मदत करणारं द्रावण) घ्यावं लागतं. प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या हव्या असतील तर हे किट घेऊच नका.

वैद्यकात याचा सर्वांत भक्कम उपयोग आवरणाशिवायचा आहे. ही यंत्रणा कागदावर टाकून फ्रीझ-ड्राय करता येते. २०१६ मध्ये झिका विषाणूच्या आरएनएची ओळख अशाच कागदी सेन्सरवर रंग पिवळ्याचा जांभळा करून दाखवली गेली. आजारी भागात जाऊन औषध बनवणाऱ्या पेशी अजून प्रयोगशाळेतच आहेत आणि हे किटही फक्त संशोधनासाठी आहे, रुग्णासाठी नाही.

नुसतं प्रथिन हवं असेल तर ई. कोलायचा अर्क घ्या, तो कितीतरी स्वस्त पडतो. आत काय आहे याचा चोख हिशोब हवा असेल तर हे किट. सुरुवात १० रिअॅक्शनच्या पॅकने करा आणि डीएनए तपासणं, रिपोर्टर (काम झाल्याचं दाखवणारं प्रथिन) निवडणं ही कामं ट्यूबमध्येच उरका. आवरणात टाकण्याचा खेळ त्यानंतर, कारण तिथे मोठा भाग वाया जातो. महिन्याला शेकडो रिअॅक्शन लागायला लागल्या तर लॉझानच्या ईपीएफएलमधून २०१९ मध्ये आलेली वनपॉट पद्धत पाहा: लागणारी प्रथिनं वेगवेगळी न काढता ती बनवणारे जिवाणू एकत्र वाढवून एकाच कॉलममध्ये (गाळणीच्या नळीत) शुद्ध करायची, रायबोसोम तेवढे वेगळे. मेहनत आहे, पण घरचं प्युअर तयार होतं.