जुनी पोटदुखी: आधी सोनोग्राफी की आधी वैद्य?
आमच्या सदाशिव पेठेत पोट दुखलं की आधी बेंबीभोवती हिंगाचा लेप, चिमूटभर ओवा आणि गरम पाण्याची पिशवी. गॅसच्या दुखण्याला यानं आराम पडतो, हा माझाही अनुभव. पण पित्ताशयातला खडा हिंगानं जात नाही. तो सोनोग्राफीत दिसतो, 6 ते 8 तास उपाशी राहून केली तर स्पष्ट. अल्सर, म्हणजे जठरातली जखम, मात्र तिथे सहसा सापडत नाही, त्याला तोंडातून घालायची दुर्बीणच (एंडोस्कोपी) लागते. म्हणून माझं मत: आधी तपासणी. कारण कळलं की रास्ता पेठेतल्या ताराचंद या आयुर्वेदिक रुग्णालयात वैद्यांना रिपोर्ट दाखवून पथ्य, औषध जरूर विचारा. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, सोबत ताप, उलटी असेल तर शेकत बसू नका. अपेंडिक्स असू शकतं. त्याच रात्री सर्जनकडे जा.