पाच करवल्या, चार तऱ्हेचं सोनं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं. गोरज मुहूर्त, मोकळं लॉन आणि गाव नागपूर. दुपारी पारा 44 ला टेकून आलेला, संध्याकाळी साडेसहालाही खुर्च्यांच्या लोखंडी दांड्यांना हात लावता येत नव्हता. आम्ही करवल्या पाच. ताईची अट एकच होती, सगळ्यांनी सोनेरी घालायचं, कापड जिचं तिने निवडायचं. तिचा शालू गर्द मरून आणि त्यामागे सोनेरी रांग, हे चित्र तिच्या डोक्यात साखरपुड्यापासून होतं. कऱ्हा धरायचा मान माझा, म्हणून खरेदीची धावपळही माझीच.

आता जानेवारी आहे. मधल्या काळात हे कपडे महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी आणि दोन लग्नं फिरून आलेत. म्हणून आत्ता लिहिते. दुकानाच्या गादीवर पसरलं की सगळंच सुंदर दिसतं.

कुणी काय घेतलं ते आधी सांगते. मी आणि चुलतबहिणीने नागपूरच्या गांधीबाग बाजारातल्या एका दुकानातून टिशूच्या, म्हणजे जरीच्या धाग्यांनी विणलेल्या झिरझिरीत कापडाच्या साड्या घेतल्या, 2,800 ला एक. पुण्याच्या मामेबहिणीने 7,200 चा टिकल्यांचा घागरा ऑनलाइन मागवला. ताईच्या मैत्रिणीने 3,400 चा फॉइल प्रिंटचा अनारकली घेतला. आणि भंडाऱ्याच्या आतेबहिणीने नेसली टसर रेशमाची करवतकाठी साडी, 9,500 ची. तिच्या साडीवर घरात इतकी चर्चा झाली की जेवणाच्या मेनूवरही झाली नसेल.

मला तेव्हा न कळलेली गोष्ट अशी की कापड पिवळं रंगवलं तर ते पिवळंच दिसतं. सोनेरी दिसायला त्यात उजेड परतवणारं काहीतरी असावं लागतं, आणि ते काय आहे त्यावरच कपडा किती दिवस सोनेरी राहणार हे ठरतं. जरीचंच घ्या. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. नकली जरीत चांदीच्या जागी तांबं. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टरचा पापुद्रा, त्यावर धातूचा अगदी पातळ थर आणि वर सोनेरी रंग. पहिल्या दिवशी तिन्ही झगमगतात. पुढे घाम आणि ओल लागली की तांब्याची जर काळवंडते. प्लास्टिकची काळी पडत नाही, पण घासून पांढरी होते आणि तापलेल्या इस्त्रीखाली गोळा होते. खऱ्या जरीचं म्हणाल तर आईचा 1991 चा शालू कपाटात आहे. थोडा मंदावलाय, पण अजून सोनंच दिसतो. नागपूरच्या इतवारी बाजाराकडून जुन्या जरीच्या साड्या विकत घ्यायला माणसं दारावर यायची, ती कशासाठी ते मला मोठेपणी कळलं. आतली चांदी काढतात. आईने प्रत्येकाला दारातूनच वाटेला लावलं.

तर आमच्या टिशू साड्या. दुकानदार म्हणाला, "दीदी, प्युअर टिशू सिल्क है, आँख बंद करके ले जाओ." आम्ही खरंच डोळे मिटून घेऊन आलो. लग्नानंतर पदराच्या गोंड्यातला एक धागा ओढून काडीने जाळून पाहिला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटात चुरते. आमच्या धाग्याचा टणक काळा मणी झाला. निव्वळ पॉलिस्टर. ही परीक्षा दुकानातच करायची असते, कडेचा एक धागा मागून. द्यायला कां-कूं झाली तर उत्तर मिळालंच.

नेसायला मात्र टिशूसारखं कापड नाही. निऱ्या घातल्या की कडक उभ्या राहतात, पोट झाकतं, पदर जिथे ठेवला तिथे राहतो. पहिला तासभर मी स्वतःवर खूश होते. मग घाम यायला लागला. पॉलिस्टर घाम शोषत नाही, त्यामुळे तो पाठीवरून ओघळत परकराच्या नाडीपर्यंत गेला. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडल्या. त्या कुंकवाने रंगवलेल्या होत्या आणि माझा खांदा ओला. घरी येऊन पाहते तर खांद्यावर गुलाबी ठिपक्यांची रांगोळी. ड्रायक्लीनवाल्याने 300 रुपये घेऊन ते फिके करून दिले. गेले नाहीत. अक्षता साध्या किंवा हळदीच्या ठेवा असं मी आता सगळ्यांना सांगते, पण लग्नघरात करवलीचं कोण ऐकतं?

दुसरा घोळ पिनांचा. खांद्याला सहा सेफ्टी पिना होत्या. कऱ्हा दोन्ही हातांत, पदर ओढला गेला आणि दोन पिनांनी लांब चिरा पाडल्या. टिशूचा धागा एकदा सरकला की जागेवर येत नाही. चुलतबहीण शहाणी. तिने पिनेत आधी एक मोती ओवला होता आणि खाली कापडाचा तुकडा घेतला होता. तिची साडी अजून धड आहे. मात्र पावसाळ्यात घडी घालून ट्रंकेत ठेवली होती, ती महालक्ष्म्यांना काढली तर घडीच्या रेघा पांढऱ्या. इस्त्रीने जात नाहीत. शिंप्याच्या ओळखीतल्या एका काकूंनी सांगितलं, टिशूची घडी घालूच नये, पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलमध्ये गुंडाळून ठेवावी. आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. हे आम्हाला सप्टेंबरमध्ये कळलं.

ब्लाउजचं वेगळंच प्रकरण. टिशूचं ब्लाउज अस्तराशिवाय शिवूच नका. मुंढ्याला ताण आला की शिवण तशीच राहते आणि कापड तिच्यातून सरकून बाहेर येतं. माझ्या शिंप्याने अस्तर लावलं होतं, पण ते आधी पाण्यातून काढलं नव्हतं. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं आणि वरचं कापड फुगलं. ते ब्लाउज आता नवरात्रातल्या पिवळ्या दिवशी ऑफिसला घालून जाते, वर ओढणी घेऊन.

फॉइलच्या अनारकलीवर जास्त लिहिण्यासारखं नाही. कापडावर गोंद छापून त्यावर गरम दाबाने सोनेरी वर्ख चिकटवतात. लग्नात ठीक दिसला. पण कोपरांजवळ, जिथे हात वाकतो तिथे, त्याच रात्री भेगा पडल्या. दिवाळीपर्यंत दोन धुणी झाली आणि तो बदामी ड्रेस झाला. बदामी म्हणून तो बरा आहे.

आता टिकल्यांचा घागरा. याच्याबद्दल माझं मत दर महिन्याला बदललं. घरच्या काट्यावर तो 3.8 किलो भरला. मामेबहिणीच्या दंडांच्या आतल्या बाजूला टिकल्या घासून असे ओरखडे उठले की दुसऱ्या दिवशी तिने खोबरेल लावून बसायचं काम केलं. चोळीच्या खांद्याजवळच्या शिवणीतल्या टिकल्या शिंप्याकडून काढून घेतल्या आणि आत मऊ पट्टी लावली असती तर हे टळलं असतं. रेडीमेडमध्ये ते कुणी करत नाही, शंभर-दीडशे देऊन आपल्यालाच करून घ्यावं लागतं. शिवाय टिकल्या प्लास्टिकच्या, म्हणजे इस्त्री बंद. उलटा करून हँगरला टांगायचा, एवढंच. पण फोटोत बघाल तर पाचांत तीच उठून दिसते. संध्याकाळी पिवळे दिवे लागले आणि ती वळली की मागच्या रांगेतली माणसंही बघायची. माझी मावशी म्हणाली, "काहून गं बाई, किती चमकून राहिली ही पोट्टी! नवरी कोणती ते तं सांगा." ताईला ते फारसं आवडलं नाही. नवरीच्या मागे उभं राहायचं असेल तर एवढ्या टिकल्या नकोत, हे माझंही मत. फ्लॅशच्या फोटोंत मात्र गंमत झाली. सोनेरी टिकल्यांनी उजेड इतका परतवला की घागरा चक्क चंदेरी आला. नंतर मामेबहिणीने तो मैत्रिणीच्या मैत्रिणीला 3,000 ला विकला. हिशेब केला तर तिला तो 4,200 ला पडला. म्हणजे अजिबात वाईट नाही.

करवतकाठीबद्दल सावकाश लिहिते, कारण आम्ही सगळ्यांनी तिला नाकं मुरडली होती. टसर आपल्याकडचं, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचं. त्याचा मूळ रंगच मधासारखा असतो. रंगवायचं नाही, जर घालायची नाही. काठाला करवतीसारखे दाते असतात, ते छापलेले नसून काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत हातमागावर विणलेले असतात. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली ती आमच्या टिशूशेजारी ठेवली तेव्हा मी तोंडावर म्हटलं होतं, ही गोणपाटासारखी दिसते. आतेबहीण शांतपणे म्हणाली, "मला टिकल्या टोचतात आणि पॉलिस्टरनं घामोळं येते. मी हेच नेसीन."

लग्नाच्या वेळी सूर्य कलता होता. त्या उन्हात तिची साडी अशी दिसली की मी माझ्या शब्दांची मनातल्या मनात माफी मागितली. दिवे लागल्यावर मात्र ती मागे पडली. फोटोंच्या अल्बममध्ये चार करवल्या आणि एक पाहुणी असं वाटतं, हे तिच्याच आईचं मत. आणखी एक. लॉनवर मोठे कूलर लावले होते. आतेबहीण गरमीने त्यातल्या एकाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कूलरने वाऱ्यासोबत पाण्याचे तुषार मारले आणि टसरवर पाण्याचे डाग पडले, वाळल्यावर कडा दिसणारे. ड्रायक्लीनमध्ये बरेचसे गेले, पण पदरावरचा एक अजून आहे. काखेपाशीही घामाची फिकट रेघ आहे. म्हणजे टसर न रुसणारं कापड आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिच्याकडे ती साडी लग्नानंतर सहा वेळा नेसून झाली. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाचाच कपडा तीनच्या वर गेला नाही. पण 9,500 एकदम काढणं प्रत्येकीला जमत नाही. मला जमलं नसतं.

सोनेरी जुळवायचं असेल तर एक गोष्ट नक्की करा. आम्ही माझ्या साडीच्या कडेची चिंधी प्रत्येकीला पाठवली होती, तरी चार सोनेरी चार दिशांना गेले. कारण मी जुळवाजुळव ट्यूबलाइटखाली केली. चिंधी घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर या, मग घरी पिवळ्या दिव्याखाली धरा, मग मोबाइलने फ्लॅश मारून फोटो काढा. तिन्हीकडे आवडलं तर घ्या. सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत कापड घेऊन बाहेर येताना दुकानदार जरा टवकारतो, तर टवकारू दे.

परत करवली व्हायची वेळ आली तर मी टिशूच घेईन, पण रेशमाची ताणी, म्हणजे उभे धागे, असलेली, धागा जाळून पाहून, आणि लग्न हिवाळ्यात असेल तरच. मे महिना असेल तर साधी टसर, काठ नसलेली चालेल, आणि ब्लाउजला थोडी जर. चमक ब्लाउजवर पुरते. वर दागिने असतातच.

टिकल्यांचा शेवटचा भाग राहिला. लग्नाआधी मामेबहीण आमच्याकडे उतरली होती. ऑक्टोबरअखेर बाबांनी कूलर बंद करायला उघडला तर वाळ्याच्या ताट्यांत सोनेरी टिकल्या अडकलेल्या. बाबांनी त्या मोजल्या, सतरा निघाल्या. तिला फोटो पाठवला. तिने उत्तरादाखल हसणारं तोंड पाठवलं आणि विचारलं, घागऱ्याच्या नव्या मालकिणीला कळवू का?

माझ्या साडीचं काय झालं ते सांगते. दोन चिरा, गुलाबी ठिपके, नेसवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. आईने गेल्या आठवड्यात कात्री लावली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिचे बटवे शिवून झालेत, बत्तीस. आत तिळाच्या वड्या भरायच्या आहेत. ठिपके असलेला भाग आईने आतल्या बाजूला घेतलाय, आणि पदर अजून शिल्लक आहे.